शाफ्टवरची दोन टिंबं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. नऊ वर्षं झाली. मधे थोडी प्यायचो, तीही सोडली — लोकांना वाटलं, सुधारला. सुधारलो वगैरे काही नाही. एखाद्या शुक्रवारी खोलीवर चार जणांत बसलेलो असताना तोंडातून निघून जाईल, ही भीती होती. बस.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर? — नसतं सांगितलं. माझ्या धैर्याची मजल एवढीच आहे, हे आधीच लक्षात घ्या.

मी बहारीनमध्ये, रिफाच्या बाहेर एका गॅरेजात फोरमन आहे. मूळचा गुहागरकडचा. वय एक्कावन्न. जुन्या फोर-व्हील गाड्या हे आमचं मुख्य काम. कुणी मुहर्रकहून गाडी घेऊन येतो, सांगतो की ऐंशीच्या पुढे गेलं की सीटखाली थरथर सुरू होते, टायर बदलले, बॅलन्सिंग केलं, चार गॅरेज फिरलो, जात नाही. मी गाडीखाली जातो आणि अर्ध्या दिवसात थरथर काढून देतो. लोक म्हणतात, प्रकाशच्या हातात जादू आहे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवा एका भल्या माणसावर मी ओरडलोसुद्धा — जादू नाही, काम आहे, गाडी घ्या आणि जा. तो बिचारा बघतच राहिला. त्याला काय सांगणार? की ज्या माणसाकडून हे शिकलो, त्या माणसाचे हात मी कायमचे बंद केले?

थांबा. क्रमाने सांगायला हवं.

दाऊदभाई आमच्याच जिल्ह्यातले, खाडीपलीकडच्या गावचे. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. मी इथे आलो तेव्हा मला पंक्चर काढण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि ते फोरमन होते. त्यांनी मला गाडीखाली आपल्या शेजारी आडवं पाडलं आणि शिकवलं. हात धरून शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं. रमजानमध्ये स्वतः कडकडीत उपाशी असताना दुपारी मला म्हणायचे, "जा, जेवून ये आधी. उपाशी माणूस बोल्ट वाकडा लावतो." मी म्हणायचो, आणि तुम्ही? तर म्हणायचे, "मी वाकडा लावीन, तू सरळ कर."

शाफ्टचं काम थोडं समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब लोखंडी शाफ्ट गाडीच्या पोटाखाली फिरत असतो. तो दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात दात्यांनी बसतो. गाडी खड्ड्यात वरखाली झाली की ते एकमेकांत आतबाहेर सरकतात. पुढच्या आणि मागच्या टोकाला दोन-दोन कान असतात, आणि दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असावे लागतात. जोडताना दोन दाते इकडचे तिकडे झाले, की थरथर आलीच. वाळूत जाण्यासाठी उंच केलेल्या जुन्या गाडीत तर शाफ्ट आधीच जास्त तिरका असतो. तिथे ही चूक अजिबात खपत नाही. म्हणून शाफ्ट वेगळा करण्याआधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर खूण करायची. मग परत जोडताना खुणेला खूण भिडवायची. एवढंच आहे. यात जादू कुठे आहे?

बाकीचे खडूने खूण करतात, कुणी रंगाने. दाऊदभाई पंच मारायचे — टोकदार पोलादी पंच लोखंडावर धरून हातोडीचा एक टोला. दोन टिंबं या तुकड्यावर, दोन त्या तुकड्यावर. "खडू पुसतो, रंग ग्रीसखाली जातो," म्हणायचे. "लोखंडाला टोच मार. उद्या तू मेलास तरी पुढच्याला कळेल." त्यांच्या पंचाचं टोक एका बाजूने झिजलेलं होतं, म्हणून त्यांचं टिंब जरा लांबट पडायचं. सगळं गॅरेज ते टिंब ओळखायचं. सही असते ना माणसाची, तसं.

आणि ते मला विचारायचे — रोज, सगळ्यांसमोर, गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात — "पक्या, निशाणी मारलीस काय रे?"

पहिल्या वर्षी ठीक होतं. पाचव्या वर्षी? बाराव्या वर्षी? माझ्या मुलीला गावाकडे कॉलेजात ॲडमिशन मिळाली, आणि इथे हा माणूस मला अजून विचारतोय, निशाणी मारलीस काय. इतर लोकांनीही ते उचललं. आमचा मल्याळी इलेक्ट्रिशियन, ज्याला मराठीतलं दुसरं एक अक्षर येत नव्हतं, तो मी संडासाकडे निघालो की ओरडायचा, "पक्या, निसानी मारलीस काय रे?" सगळे हसायचे. मीही हसायचो. आतून जळायचो. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं दुसऱ्या गॅरेजात फोरमन झाली होती, आणि मी अजून पक्याच.

हा माझा राग. आज सांगताना तो किती लहान दिसतो! पण तेव्हा लहान नव्हता. मी तो रोज थोडा थोडा पोसला.

अबू खालिद नावाचे एक म्हातारे गिऱ्हाईक होते. त्यांच्याकडे पंचवीस वर्षं जुनी फोर-व्हील होती. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहायची त्यांना आवड होती, म्हणून त्यांनी ती कुठून तरी दोन इंच उंच करून आणली आणि थरथर सुरू झाली. दाऊदभाईंनी तीन दिवस त्या गाडीखाली काढले. कोन मोजले, मागच्या धुऱ्याखाली लोखंडाच्या पाचरी करून बसवल्या, शाफ्टच्या कानांत बसणारे क्रॉस नवे टाकले, शाफ्ट जोडला, टिंबं मारली. गुरुवारी दुपारी मला शेजारी बसवून हायवेवर गाडी एकशे दहापर्यंत नेली. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला होता. पाणी हललं नाही. "बघ," म्हणाले, "म्हातारा खूश होईल."

शुक्रवारी दाऊदभाई नमाजाला मुहर्रकला गेले, तिथून पुतण्याकडे जेवायला. अबू खालिद चार वाजता गाडी न्यायला येणार होते आणि गॅरेजात मी एकटा होतो. मला फक्त गाडी पुसून द्यायची होती. मी खाली वाकून पाहिलं, तर शाफ्टच्या सांध्यावरच्या सीलमधून ग्रीस किंचित बाहेर आलं होतं. सील जुनंच राहिलं होतं. दाऊदभाईंकडून राहून गेलं होतं.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. या माणसाचीही चूक निघते. मी ठरवलं, सील बदलून टाकतो आणि शनिवारी सगळ्यांसमोर हळूच म्हणतो, भाई, तुमचं एक काम राहिलं होतं, मी करून टाकलं.

शाफ्ट खाली घेतला. दोन तुकडे वेगळे केले. टिंबं तिथेच होती — ग्रीसच्या थराखाली, फडक्याने एकदा पुसलं असतं तर दिसली असती. मी पुसलं नाही. विसरलो म्हणून नाही. मुद्दाम. मला खुणेची गरज नाही, मी डोळ्याने लावतो — अगदी हेच शब्द माझ्या मनात होते. सील बदललं, दाते भिडवले, डोळ्याने बघितलं, बरोबर वाटलं, चढवलं. चालवून बघितली? नाही. चार वाजत आले होते. अबू खालिद आले, माझा हात हातात घेऊन शुक्रन शुक्रन म्हणाले आणि गेले. जॉब कार्डवर मी काही लिहिलं नाही. शनिवारी तोऱ्यात सांगायचं होतं ना. शनिवारी दाऊदभाईंना ताप आला, ते दोन दिवस आले नाहीत, आणि माझी फुशारकी राहून गेली.

दहा दिवसांनी फोन आला. अस्करच्या रस्त्यावर अबू खालिदची गाडी उलटली होती. थरथरीने क्रॉसचे बोल्ट सैल होत गेले, शाफ्टचं पुढचं टोक सुटलं, रस्त्यावर आपटलं आणि गाडी फिरली. म्हातारा वाचला. गळ्याखालचं हाड मोडलं आणि उजवा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. दोन दिवसांपासून गाडी हलतेय असं त्यांनी घरी सांगितलं होतं म्हणे. पण दाऊदने केलीय म्हटल्यावर काय असणार, म्हणून चालवत राहिले.

दाऊदभाई तडक हॉस्पिटलात गेले. मला अरबाबने — म्हणजे आमच्या मालकाने — रिकव्हरीच्या ट्रकबरोबर गाडी आणायला पाठवलं.

आता ऐका. इथपर्यंत जे झालं ती चूक होती. माजलेल्या माणसाची, पण चूक. इथपासून पुढचं चूक नाही.

गाडी गॅरेजात आली तेव्हा सगळे जेवायला गेले होते. मी शाफ्ट काढून बाकावर ठेवला. तो वाकून दोन्ही तुकडे एकमेकांत अडकून बसले होते. पुढचा एक कान तुटून गेला होता, बुंधा शिल्लक होता. दोन्ही टोकं एका रेषेत नाहीत हे शिकाऊ माणसालाही दिसलं असतं. आणि मी ग्रीस पुसलं. दहा दिवस उशिरा पुसलं. दाऊदभाईंची टिंबं दिसली — दोन या तुकड्यावर, दोन त्या तुकड्यावर, मधे बोटभर अंतर. ती टिंबं स्पष्ट सांगत होती की दाऊदभाईंनी बरोबर जोडलं होतं, आणि नंतर कुणीतरी उघडलं होतं. त्या शुक्रवारी गॅरेजात कोण होतं?

मी ग्राइंडर घेतला. एका तुकड्यावरची दोन टिंबं घासून टाकली. शाफ्ट रस्त्यावर घासटलेलाच होता, आणखी एक चकाकता ओरखडा कुणाला दिसणार? मग दाऊदभाईंचा ड्रॉवर उघडला. त्यांचा पंच काढला. आणि ज्या चुकीच्या जागी मी शाफ्ट जोडला होता, त्या जागी, दुसऱ्या तुकड्यावरच्या टिंबांच्या बरोबर समोर, दोन टोले मारले. लांबट टिंबं. त्यांची सही. वरून ग्रीस आणि धूळ चोळली, पंच होता तसा ठेवला, हात धुतले आणि जेवायला गेलो. जेवलो. त्या दिवशी मेसमध्ये सुरमई होती. दोन तुकड्या खाल्ल्या, हेही आठवतं.

ती खूण नुसती पुसली असती तरी मी वाचलो असतो, असं नंतर कितीदा वाटलं. सगळे म्हणाले असते, काय झालं कळत नाही. मग टिंबं का मारली? भीतीपोटी? भीतीने माणूस पुसतो. टोले मी रागाने मारले. बारा वर्षांच्या रागाने. म्हणून म्हणतो, त्याला भीती हे नाव देऊन मला सोडू नका.

संध्याकाळी सगळे बाकाभोवती उभे राहिले. अरबाबने विचारलं, "दाऊद, ये निशान तुम्हारा?" दाऊदभाईंनी चष्मा लावला. टिंबांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. टोकांकडे बघितलं, परत टिंबांकडे बघितलं. मी समोर उभा होतो. मला वाटलं, आता हे म्हणतील — हे माझं नाही. भांडतील. शाफ्ट सरळ करून उघडायला लावतील, ओरखड्याखालची जुनी टोच नखाला लागेल, आणि मी संपेन. खरं सांगतो, एक क्षण मला तसं व्हावं असंही वाटलं.

ते म्हणाले, "हां अरबाब. मेरा है."

मग माझ्याकडे वळले. "डोळे गेले रे माझे, पक्या. तुला इतकी वर्षं विचारीत राहिलो, निशाणी मारलीस काय, निशाणी मारलीस काय. आणि मीच ती वाकडी मारली."

मी म्हणालो, "होतं असं, भाई."

होतं असं, भाई! तीन शब्द. नऊ वर्षं ते तीन शब्द माझ्या कानात आहेत आणि दर वेळी मला त्या माणसाच्या — माझ्या — थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि एक घाण गोष्ट सांगतो. मला दाऊदभाईंचाही राग आला. आजही येतो. का मान्य केलं त्यांनी? चाळीस वर्षं ज्यांचा हात चुकला नाही, त्या माणसाने स्वतःवर चाळीस सेकंद तरी विश्वास ठेवायचा होता. पण त्यांचा भरवसा स्वतःपेक्षा खुणेवर जास्त होता. तेच तर त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. मी त्यांच्या त्याच भरवशाला हात घातला आणि वर त्यांच्यावरच चिडतो. बघा कसा माणूस आहे मी.

अबू खालिदने काही तक्रार केली नाही. डाव्या हाताने दाऊदभाईंचा खांदा थोपटून "मफी मुश्किल, दाऊद, मफी मुश्किल" — काही हरकत नाही — म्हणत राहिले. अरबाब मात्र म्हणाला, खलास. दाऊदभाईंचा व्हिसा कॅन्सल झाला. कुणी बोललं नाही — तो मल्याळी इलेक्ट्रिशियन तेवढा म्हणाला, इतकी वर्षं केली, एक चूक माफ करा. तो बोलला. मी नाही बोललो. महिन्याभराने मी फोरमन झालो.

एअरपोर्टवर त्यांना सोडायला मीच गेलो होतो. पंच त्यांनी मला दिला. "तुझ्याकडे असू दे, मला आता काय करायचाय." मी घेतला. थँक्यू भाई म्हणालो.

यंदा सुट्टीत गेलो तेव्हा त्यांच्या गावी गेलो. आठ वर्षं टाळलं होतं. ठरवून गेलो होतो की सांगायचं. होडीने खाडी ओलांडताना वाक्य पाठ केलं होतं — भाई, ती टिंबं मी मारली. एवढंच. पाच शब्द.

भाभींनी चहा केला. दाऊदभाई वाळले होते, पण मला बघून इतके खूश झाले की भाभी हसून म्हणाल्या, "पोरगी दुबईवरून आली तवा पण एवढे हसले नव्हते." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कशाला हात लावीत नाहीत रे आता. घरात मिक्सर बिघडला तर शेजारच्याला बोलावतात. पाण्याची मोटर बंद पडली परवा, तर काल अख्खी सकाळ बसून जोडली, आणि आता चालू करीत नाहीत. म्हणतात, कुणीतरी बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बायको-पोरांना शॉक लागेल, काही फुटेल. आम्ही परवापासून कळशीने पाणी आणतोय."

ते मला विहिरीकडे घेऊन गेले. "तू बघ जरा," म्हणाले. "माझं काय खरं नाही."

मी खाली बसलो. मोटर बघितली, पंप बघितला, दोन्हींना जोडणारा कपलिंग बघितला. पट्टी लावून बघितली. चारही बाजूंनी सारखं. वायरी नीट, बोल्ट बरोबर आवळलेले, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. इतकी सरळ जुळणी मी गेल्या नऊ वर्षांत माझ्या स्वतःच्या हातून झालेली बघितलेली नाही. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने, थरथरत्या भीतीने केलेलं काम, आणि त्यात केसाइतकी चूक नव्हती.

एवढंच म्हणायचं होतं — भाई, बरोबर आहे. दुसरं काही सांगायचा धीर नव्हता, तर निदान एवढं. ते माझ्या डोक्यावर उभे होते, लुंगीचा सोगा मुठीत धरून, निकालाची वाट बघत.

मला भीती वाटली. त्यांचा हात आज चुकत नाही, तर तेव्हा कसा चुकला? हा प्रश्न त्यांना पडेल. आज नाही तर उद्या, त्या विहिरीजवळ एकटे बसले असताना पडेल.

मी पाना घेतला. एक बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि परत तेवढाच आवळला.

"जरासं सरकलं होतं," मी म्हणालो. "आता बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाले, आणि मग त्यांनी बटण दाबलं.